खुशालराव आणि गयासुद्दीन यांचे जीवशास्त्रीय वर्गीकरण

२००६ सालच्या उन्हाळ्यापर्यंत अमरावती जिल्ह्यात शेतीच्या परिस्थितीची पाहणी करणारी इतकी पथकं येऊन गेली होती, की काही गावांतले लोक प्रश्न विचारण्याआधीच उत्तरं देऊ लागले होते. एका पथकाला पावसाची कमतरता आढळली, दुसऱ्याला चांगल्या बियाण्याची, तिसऱ्याला भावाची. यातली कोणतीच गोष्ट कार्यालयाच्या हातात नव्हती. शेवटच्या पथकाला मात्र मनोबलाची कमतरता आढळली, आणि सुदैवाने त्याच सुमारास एका सरकारी इमारतीतली मागच्या बाजूची खोली रिकामी झाली होती. तिथे 'ग्रामीण मनोबल संवर्धन कक्ष' स्थापन झाला. एक कपाट, दोन टेबलं, एक कारकून, एक चपराशी आणि प्रमुख म्हणून किशोर भुयार.

भुयार साहेब वाईट माणूस नव्हते. ते वेळेवर येत, डबा घरून आणत आणि आलेलं प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचत. कक्षाने नेमकं काय करायचं हे कोणीच सांगितलं नसल्यामुळे ते बेचैन होते. अशात त्यांना थंड हवेच्या एका ठिकाणी पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. विषय होता 'निसर्ग आणि सर्जनशीलता'. तिसऱ्या दिवशी पडद्यावर म्हशीच्या पाठीवर बसलेला बगळा दाखवण्यात आला. हे दृश्य भुयार साहेबांनी लहानपणापासून आपल्या गावच्या तळ्याकाठी हजार वेळा पाहिलं होतं, पण त्याच्याखाली मथळा कधी नव्हता. मथळा होता : 'सहजीवन : उद्याच्या कलेचा मार्ग'. ते रात्रीच्या गाडीने परतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी परिपत्रक काढलं.

अभियानाचं नाव 'निसर्गप्रेरित सर्जनशील सहजीवन अभियान'. प्रत्येक तालुक्याने दोन भिन्न कलांचे दोन कलावंत शोधावेत, त्यांची 'सहजीवी जोडी' तयार करावी, आणि जोडीने पोळ्यापर्यंत एक संयुक्त कलाकृती सादर करावी, जेणेकरून ग्रामीण मनोबल वाढेल. बऱ्याच तालुक्यांनी उत्तर दिलं नाही. तिवसा तालुक्याने कळवलं की आमच्याकडे अशी एक जोडी बावीस वर्षांपासून तयारच आहे.

ही जोडी म्हणजे खुशालराव निंभोरकर आणि गयासुद्दीन.

खुशालराव तिवसा तालुक्यातल्या शिरजखेडचे. काळी जमीन, एक बैलजोडी, आणि झडत्या रचण्याचं अंग. पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे गावचे बैल सजवून तोरणाखाली उभे केले की लोक झडत्या म्हणतात. चार ओळींचं टोचणारं गाणं, शेवटी 'हर बोला हर हर महादेव', मग तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. गयासुद्दीनचं बडनेऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर कनाती, ताडपत्र्या आणि बैलांच्या झुली शिवायचं दुकान होतं. १९८४ साली खुशालरावांनी त्याच्याकडे झूल शिवायला टाकली आणि काठावर आपली एक ओळ लिहायला सांगितली : 'मेंबर आला बैल पाहाले'. गयासुद्दीन लाल कापडाची अक्षरं कापून ती झुलीवर शिवत असे. त्या दिवशी घाईत त्याच्याकडून दोन शब्दांची अदलाबदल झाली आणि झूल शिरजखेडला पोचली तेव्हा तिच्यावर होतं : 'बैल आला मेंबर पाहाले'.

खुशालराव आधी संतापले. तोरणाखाली बैल उभा राहिला, मेंबर समोरच बसला होता, आणि अख्खं गाव तीन दिवस हसत राहिलं. चौथ्या दिवशी खुशालराव बडनेऱ्याला गेले आणि त्यांनी गयासुद्दीनला विचारलं की पुढच्या वर्षी काय चुकवशील.

तेव्हापासून दरवर्षी आषाढात गयासुद्दीन शिरजखेडला येई. खुशालरावांच्या ओट्यावर दोघं बसत. एक ओळ म्हणे, दुसरा ती नापास करी. जमुनाबाई, म्हणजे खुशालरावांची बायको, भांडणाच्या आवाजावरून झडती कितपत झाली ते ओळखत आणि त्या हिशेबाने चहा टाकत. २००६ साली गावात बैलजोड्या एकोणीसच उरल्या होत्या. एके काळी साठ असत. तरी पोळ्याला माणसं तेवढीच जमत, कारण झडती ऐकायला बैल लागत नाही.

मे महिन्यात जोडीला अर्ज आला. पहिलाच प्रश्न असा होता : 'जोडीतील यजमान जीव कोण व आश्रित जीव कोण?' दोघांनी यावर कधी विचार केला नव्हता. गयासुद्दीन म्हणाला, मी तुझ्या घरी येतो, चहा पितो, तर तूच यजमान. खुशालराव म्हणाले, कापड तुझं, सुई तुझी, मी नुसता तोंडाची वाफ घालवतो, तर तूच यजमान. दोघांनी दोन अर्जांवर एकमेकांना यजमान लिहिलं. 'परस्परांकडून होणाऱ्या लाभाचे स्वरूप' या रकान्यात खुशालरावांनी 'भांडण' आणि गयासुद्दीनने 'चाय' लिहिलं. कारकुनाने दोन्ही अर्ज परत पाठवले. शेरा होता : एका जोडीत दोन यजमान निसर्गात आढळत नाहीत.

मग प्रत्यक्ष निरीक्षण ठरलं. अकोल्याहून जीवशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका ललिता खंडारे यांना विषयतज्ज्ञ म्हणून बोलावण्यात आलं. ललिताबाईंनी भुयार साहेबांना सहजीवनाचे तीन प्रकार समजावून सांगितले. दोघांनाही फायदा होतो तो परस्परलाभी. एकाला फायदा आणि दुसऱ्याला फरकच पडत नाही तो सहभोजी. एकाला फायदा आणि दुसऱ्याला तोटा होतो तो परजीवी. शेवटी त्यांनी हेही सांगितलं की हे प्रकार वेलींसाठी, पाखरांसाठी आणि जंतांसाठी आहेत, माणसांना लावू नयेत. भुयार साहेबांनी टिपण केलं : 'तज्ज्ञांनी प्रवर्ग स्पष्ट केले.'

ललिताबाई सहा दिवस शिरजखेडच्या ओट्यावर वही घेऊन बसल्या. त्यांच्या शेजारी कारकून वेळ नोंदवायला. बाई माणूस, त्यातून शिकलेली, समोर बसली म्हटल्यावर दोघं एकदम सभ्य झाले. खुशालराव ओळ म्हणत, गयासुद्दीन 'बहुत खूब' म्हणे. गयासुद्दीन कापड दाखवी, खुशालराव 'सुंदर आहे' म्हणत. जमुनाबाईंना आतून आवाजच येईना, म्हणून चहाही येईना. सहाव्या दिवशी वहीत नोंद झाली की भांडण शून्य, चहा शून्य, म्हणजे अर्जात नमूद केलेला कोणताच लाभ कोणालाच होताना दिसला नाही. ललिताबाईंनी खाली लिहिलं होतं की आपण उठून गेल्यावर लाभ सुरू होण्याची शक्यता आहे. ते वाक्य टंकलेखनात राहून गेलं.

लाभ नाही म्हटल्यावर परजीविता असण्याची शंका निर्माण झाली, आणि शंका निर्माण झाली की सुनावणी घ्यावी लागते. जुलैत दोघांना अमरावतीला बोलावलं, पण वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडू नये.

खुशालरावांना विचारलं की या कलाकृतीत तुमचं योगदान किती. भल्या माणसाने आपली बढाई कशी मारावी? ते म्हणाले, "माहं काहीच नाही साहेब. सारं गयासभाईचं हाय. त्याच्या झुलीवर मी जगून राहिलो."

दोन दिवसांनी गयासुद्दीनला तेच विचारलं. तो म्हणाला, "मी तर सुई हाओ, साहेब. धागा खुशालभाऊचा. तो नसता तर मले कोण ओळखते?"

कारकुनाने दोन्ही जबाब शब्दशः उतरवले आणि दोघांच्या सह्या घेतल्या. भुयार साहेबांनी फाइल समोर ठेवून एक पूर्ण दिवस विचार केला. दोघांनीही आपण दुसऱ्यावर जगतो असं लेखी कबूल केलं होतं. म्हणजे दोघंही परजीवी. पण दोन परजीवी एकमेकांवर जगू शकत नाहीत, त्यांना यजमान लागतो. ललिताबाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या की शास्त्राच्या दृष्टीने बिनयजमानाचा परजीवी फार दिवस टिकत नाही, आणि त्यांनी फोन ठेवला. भुयार साहेबांना काळजी वाटली. दोन कलावंत आपल्या कार्यकाळात मरू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आदेश काढला : 'सदर दोन्ही परजीवींचे यजमानपद या कार्यालयाने स्वीकारले आहे.'

आदेशाच्या प्रती दोघांना टपालाने गेल्या. खुशालरावांच्या प्रतीत लिहिलं होतं : 'आपल्या सहकाऱ्याची सुनावणी पूर्ण झाल्यानंतर आपण परजीवी असल्याचे निश्चीत झाले आहे.' गयासुद्दीनच्या प्रतीतही हेच वाक्य होतं. फरक फक्त पत्त्यात.

खुशालरावांनी पत्र ओट्यावर बसून वाचलं. परजीवी म्हणजे काय हे त्यांना नीट माहीत होतं, अमरवेल त्यांच्या बांधावरच्या बोरीवर होती. बावीस वर्षं एका ओट्यावर बसलेला माणूस आपल्याला अमरवेल म्हणतो, तेही अमरावतीला जाऊन, साहेबांसमोर. त्यांनी पत्र घडी करून टोपीत ठेवलं आणि जमुनाबाईंना काही सांगितलं नाही. तिकडे बडनेऱ्याला गयासुद्दीनला सरकारी भाषा कळेना, म्हणून त्याने पत्र दुकानाच्या शेजारच्या मास्तरांकडे नेलं. परजीवी म्हणजे काय ते मास्तरांनी समजावलं, आणि समजावून झाल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. गयासुद्दीनने शिरजखेडच्या झुलीसाठी कापलेली लाल अक्षरं एका डब्यात भरली आणि डबा माळ्यावर टाकला.

आषाढ संपला. गयासुद्दीन आला नाही. खुशालराव कोणाशी बोलेनात. जेवताना जमुनाबाईंनी विचारलं तर म्हणाले, काही नाही. तीन आठवडे काही नाही. मग एक दिवस धुण्याला टाकायची टोपी झटकताना जमुनाबाईंच्या हातात ते पत्र पडलं. त्या सातवी शिकलेल्या होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, ब्लाउजमध्ये खोचलं आणि तिवशाहून बडनेऱ्याची एसटी पकडली.

गयासुद्दीनची बायको हमिदाबी दारातच उभी होती. तिच्या घरातही तीन आठवडे 'काही नाही' एवढंच उत्तर मिळत होतं. जमुनाबाईंनी पाणीसुद्धा मागितलं नाही.

"तुमच्या माणसानं आमच्या माणसाले काहून असं म्हणावं?"

हमिदाबीने शांतपणे आत जाऊन आपलं पत्र आणलं आणि पलंगावर जमुनाबाईंच्या पत्राशेजारी ठेवलं. "हे वाचा बाई. मले तर वाटलं, तुमच्या माणसानं म्हटलं."

जमुनाबाईंनी दोन्ही पत्रं ओळीला ओळ लावून वाचली. एकच टंकलेखन, एकच चूक, 'निश्चित'मधला 'श्चि' दोन्हीकडे दीर्घ. मग हमिदाबीने चहा ठेवला आणि माळ्यावरचा डबा खाली काढला.

दुसऱ्या दिवशी गयासुद्दीन शिरजखेडच्या ओट्यावर येऊन बसला. खुशालराव बाजेवर होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"मी तसं म्हटलं नव्हतं," खुशालराव शेवटी म्हणाले.

"मले मालूम हाय," गयासुद्दीन म्हणाला. "तू एवढं शुद्ध बोलतच नाहीस."

मग त्यांनी त्या वर्षीची झडती काढली. खुशालरावांनी ती उन्हाळ्यातच रचून ठेवली होती.

कपाशीले बोंडं अन् बोंडाले अळ्या,
पाह्याले आल्या मोटारी काळ्या;
काचा नाही उघडल्या, उतरलं ना कोणी,
म्हणे, दिसून राह्यलं सारं, द्या थंड पाणी.

गयासुद्दीनने दुसरी ओळ नापास केली, आणि आतून चहा आला.

झालं एवढं पुरे असं वाटून दोघं कक्षात गेले आणि आमचं नाव अभियानातून काढा म्हणाले. भुयार साहेबांनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि समजावलं की हे शक्य नाही. परजीवीला यजमान सोडता येत नाही, तो मरतो. शिवाय आता यजमान या नात्याने झडती तपासून घेणं कक्षावर बंधनकारक होतं, कारण यजमानाला अपाय करणारा परजीवी हा रोगजंतू ठरतो आणि त्याची कार्यवाही वेगळ्या विभागाकडे जाते. झडती तपासणीला ठेवून घेण्यात आली. 'अळ्या' या शब्दावर कृषी शाखेची हरकत आली, 'काळ्या' वर वाहन शाखेची. दहा दिवसांनी मंजूर झडती हातात पडली.

कपाशीस बोंडे, बोंडांस उज्ज्वल भवितव्य,
मोटारींतून पाहणी हे पथकाचे कर्तव्य;
काचा उघडण्याबाबत सकारात्मक विचार,
थंड पाण्याबद्दल ग्रामस्थांचे आभार.

ही झडती, तिच्या वर अभियानाचं नाव, खाली बोधचिन्ह, बाजूला मान्यवरांची नावं ज्येष्ठतेप्रमाणे, असं सगळं झुलीवर शिवायचं होतं. गयासुद्दीनने माप घेतलं तर झूल तेवीस हात लांब निघाली. पोळ्याच्या दिवशी अमरावतीच्या मैदानावर ती खुशालरावांच्या बैलावर टाकली तेव्हा बैल दिसेनासा झाला, आणि मग खाली बसला. उठेना. शेवटी झूल लोखंडी चौकटीवर लावण्यात आली आणि 'आरोग्याच्या कारणास्तव' बैलाला कार्यक्रमातून सूट देण्यात आली. खुशालरावांनी मंजूर झडती कागदावरून वाचली. 'आभार' या शब्दावर टाळ्या पडल्या. दोघांना शाल, श्रीफळ आणि 'उत्कृष्ट परजीवी' असं लिहिलेलं प्रमाणपत्र मिळालं. भुयार साहेबांचे डोळे पाणावले होते. ते खरंच पाणावले होते.

बैल टेम्पोत घालून दोघं शिरजखेडला पोचले तेव्हा दिवस मावळून गेला होता. तोरण तुटलेलं होतं. अठरा जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या होत्या, लोक तासभर थांबले होते, झडती म्हणायला कोणी पुढे आलं नव्हतं, आणि मग कोणीतरी तोरण ओढलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा गावचा पोळा मुक्याने फुटला होता. खुशालरावांनी बैलाला गोठ्यात बांधलं, त्याच्या पायावर पाणी घातलं आणि त्याला पुरणपोळी चारली. त्याने ती खाल्ली. खुशालरावांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं ओट्यावर बसले. या वेळी भांडण गावाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. खुशालरावांची शेवटची ओळ होती 'बैलाले मिशी अन् सायबाले बूट'. गयासुद्दीन म्हणाला, साहेबाच्या पायात बूट असतोच, त्यात हसू कशाचं, बूट बैलाले दे. खुशालराव म्हणाले, मग मिशी कोणाले? त्यावर तासभर गेला. तीन चहा झाले. संध्याकाळी ते पारावर जाऊन उभे राहिले आणि खुशालरावांनी म्हटली :

दोन मित्र होते, ओट्यावर गट्टी,
सायबानं लावली फायलीची पट्टी;
पट्टीतून निंगाली फाटाफूट,
फायलीले मिशी अन् बैलाले बूट.

लोक हसले. गावभर हसले, मग तिवशाच्या स्टँडवर हसले, आठ दिवसांत बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर हसले. कक्षाच्या चपराशाला भुयार साहेबांनी स्वतः हसताना पाहिलं.

भुयार साहेब रागावले नाहीत, दुखावले. यजमानाला अपाय झाला होता हे उघड होतं. पुन्हा सुनावणी लागली, या वेळी एकत्र. प्रश्न एकच होता : या झडतीने कार्यालयाचं नुकसान झालं, तर लाभ कोणाला झाला? लाभ तुम्हा दोघांना झाला असेल तर तुम्ही रोगजंतू.

खुशालरावांनी विचार केला. या वेळी त्यांना भिडस्तपणा परवडणारा नव्हता. ते म्हणाले, "आमाले काय भेटलं साहेब? आमी होतो तिथंच हाओत. गावात आवंदा एकोणीस जोड्या, पुढच्या साली किती राहतीन सांगता येत नाही. ज्याइनं आयकलं ते पोट धरधरून हासले, मस्त वाटलं म्हणले, अन् घरी गेले. मागं वळून कोणी पाह्यलं नाही."

"अन् हासणारे वरून सांगतात," गयासुद्दीनने भर घातली, "आमाले अशा गोष्टीची लय आवड हाय."

भुयार साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग अकोल्याला फोन लावला आणि ललिताबाईंना विचारलं की जो जीव दुसऱ्याच्या हालावर आपलं पोषण करतो, बदल्यात काही देत नाही, आणि वर आपण त्याचे चाहते आहोत असं समजतो, त्याचा प्रवर्ग कोणता. त्या म्हणाल्या की यासाठी वेगळा शब्द लागत नाही, आहे तो पुरेल.

फाइल त्याच दिवशी निकाली निघाली. खुशालराव आणि गयासुद्दीन यांना 'परस्परलाभी' ठरवून यजमानाच्या ताब्यातून मुक्त करण्यात आलं. ते बाहेर पडले, रस्त्यावरच्या गाडीवर त्यांनी दोन कप चहा घेतला आणि दुपारच्या एसटीने एक तिवशाला आणि दुसरा बडनेऱ्याला गेला. खऱ्या परजीवींसाठी कक्षाने स्वतंत्र नोंदवही उघडली आणि ग्रामसेवकांकडून हसलेल्यांच्या याद्या मागवल्या. पुढे दोन वर्षांनी कक्ष बंद झाला, भुयार साहेबांची बदली झाली, कपाट दुसऱ्या खात्याने नेलं. नोंदवही बंद करण्याचा आदेश मात्र कोणी काढला नाही, त्यामुळे ती कायद्याने अजून चालू आहे.

तिच्यात शिरजखेडची नावं आहेत, तिवशाची आहेत, चपराशाचंही आहे. त्यानंतरची पानं कोरी आहेत. ही हकीकत इथपर्यंत वाचताना ज्यांना कुठेही हसू आलं असेल, त्यांनी आपलं पूर्ण नाव, गाव आणि कोणत्या ओळीला हसू आलं ते कळवावं. वेगळा पुरावा लागणार नाही. पेन स्वतःचं आणावं.